पुलाच्या पायाकडे लक्ष



आसेगावच्या माणसाला आगगाडीने कुठे जायचे, तर आधी वाशीम गाठावे लागते. गाडीत बसल्यावर शिवार दिसते, नदी-नाले दिसतात; पण ज्यावरून गाडी धडधडत जाते, त्या पुलाचा विचार कोण करतो? आज त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

4 ऑगस्ट 2015 ची रात्र. मध्य प्रदेशात हरद्याजवळ मुसळधार पावसाने एका मोरीजवळचा, रुळाखालचा भराव वाहून गेला. मुंबईहून काशीकडे निघालेली कामायनी एक्सप्रेस तेथे घसरली. पाठोपाठ समोरून येणारी जनता एक्सप्रेसही घसरली. पंचवीसहून अधिक माणसे दगावली. एवढा अनर्थ झाला तो एका लहानशा मोरीपाशी!

पाणी पुलाला ढकलून पाडते, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते पायाखालची माती खरवडून नेते. शिक्षकबंधूंनो, शाळेच्या अंगणात वाळूत एक काठी रोवा आणि बादलीने पाणी सोडा. काठीभोवती खड्डा पडेल. पुलाच्या खांबाचेही तसेच होते. त्यातून पूर ओसरताना हा खड्डा सैल गाळाने भरून येतो आणि पाहणाऱ्याला सारे ठाकठीक दिसते!

म्हणून रेल्वेचे लोक दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल तपासतात. खांबावर धोक्याच्या पातळीचा लाल पट्टा असतो. पावसाळी रात्री गस्तवाले रुळावरून चालत जातात. कोकण रेल्वेने सावित्री, वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रे बसवली आहेत. पण प्रत्येक मोरीवर यंत्र कोठून येणार?

तेथे गावकऱ्यांचे डोळे उपयोगी पडतात. वरच्या अंगाचा तलाव फुटला, नाल्याने वाट बदलली, पुलाजवळची वाळू कोणी उपसली, तर जवळच्या स्टेशनला किंवा फाटकवाल्याला लगेच कळवा. 139 क्रमांकावर फोन करा. रूळच उघडा पडलेला दिसला आणि गाडी येत असली, तर रुळाच्या बाजूला सुरक्षित उभे राहून दिवसा दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. रात्री दिवा आडवा, जोरजोराने हलवा. ड्रायव्हर त्याचा अर्थ ‘थांबा’ असाच घेतो. गुरुजींनी एवढे दोन इशारे पावसाळ्यापूर्वी मुलांना शिकवून ठेवावेत, ही माझी विनंती आहे.