पाणी पुसायचं आपण, थांबवायचं कुणी?



आमच्या न्हाणीघरातला पाइप फुटला तेव्हा घरात मी आणि सासूबाई दोघीच. मी बादल्या लावल्या, फडकी कोंबली आणि नवऱ्याला फोन केला. त्यानं विचारलं, "गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केलास का?" बावीस वर्षं त्या घरात पाणी भरतेय मी, पण तो व्हॉल्व्ह कधी पाहिला नव्हता. धावत वर गेले तर तो गंजून घट्ट बसलेला. हजार लिटरची टाकी रिकामी झाली तेव्हाच पाणी थांबलं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. पुढचे दोन दिवस हंडे कुणी वाहिले, ते सांगायला नकोच.

पुसायचं काम बाईचं आणि थांबवायचं पुरुषाचं, ही वाटणी आपणही किती मुकाट्यानं मान्य केली!

तर आधी विजेचा मेन स्विच बंद करा. मात्र हातपाय ओले असतील तर बोर्डाला शिवू नका. मग टाकीजवळचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद. टाकी नसेल तर मीटरपाशी असतो तो. नंतर खालचा नळ सोडा, पाइपातलं उरलेलं पाणी उतरेल. चीर बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून तार आवळा. प्लंबर येईपर्यंत निभतं. जुने लोखंडी पाइप बहुधा जोडाच्या आट्यांपाशी गंजतात, तिथली ओल अंगावर काढू नका.

आम्ही व्हॉल्व्ह नवा बसवला. दर महिन्याला मी तो एकदा फिरवून पाहते. सासूबाई खालून ओरडतात, "फिरला का गं?"