परदेशस्थ मुलांचा आरोग्यविमा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म शाळेत गेलेला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न धरता, आमच्या हातून झालेल्या एका चुकीची हकीकत म्हणून हे ऐकावे.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून मुले परदेशी गेली आहेत. आमचे चिरंजीव जर्मनीत नोकरीस आहेत. त्या देशात १८८३ साली बिस्मार्कच्या अमदानीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला आणि आज तर आरोग्यविमा सर्वांनाच सक्तीचा आहे. त्याच्या दोन वाटा आहेत. सार्वजनिक विम्यात वर्गणी पगारावर बसते. मूळ दर १४.६ टक्के, वर विमासंस्थेचा थोडा जादा आकार, आणि निम्मा भार मालक उचलतो. तेथे वय वा आजार पाहत नाहीत. २०२५ सालच्या नियमांप्रमाणे मिळकत नसलेली पत्नी व मुले त्याच वर्गणीत येतात. खासगी विम्याचा हप्ता मात्र प्रवेशसमयीचे वय व प्रकृती पाहून ठरतो, आणि तो माणसागणिक निराळा असतो. नोकरदारास ही वाट मोठा पगार असेल तरच खुली. २०२५ साली ती मर्यादा वर्षास ७३,८०० युरो होती.

चिरंजीव तेव्हा अविवाहित व निरोगी होते. खासगी हप्ता कमी दिसला. त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, “स्वस्त पडेल ते घे.” पुढे लग्न झाले, दोन अपत्ये झाली. सूनबाईंस दमा, म्हणून त्यांच्या हप्त्यावर जादा आकार. आज चार माणसांचे चार हप्ते चालू आहेत. परतावे, तर पगार मर्यादेच्या वर असेतो सार्वजनिक विम्याचे दार बंद. आणि वयाच्या ५५ वर्षांनंतर ते बहुतेक कायमचेच बंद. मुलगा आम्हांस बोल लावीत नाही. परंतु जन्मभर गणित शिकवूनही उद्याचा गुणाकार आम्हांस दिसला नाही, हे शल्य मनात राहिले आहे.

म्हणून पालकांना विनंती अशी की, मुलाने सल्ला विचारल्यास नुसता हप्ता पाहू नये. बायकामुलांचे काय, म्हातारपणी काय, आणि वाट चुकल्यास परतता येईल काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. विम्याच्या अर्जात जुना आजार कदापि लपवू नये. लपविल्यास ऐन गरजेच्या वेळी करार रद्द होण्याचे भय असते.

आणखी एक. मुलाच्या विम्यात आपण आईवडील येत नाही. त्याला भेटावयास जाताना शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा आपणांस निराळा काढावा लागतो. त्यात आपला जुना मधुमेह अथवा रक्तदाब धरला आहे की वगळला आहे, हे तिकिटापूर्वी वाचून घ्यावे.

आमच्या चुकीपासून एका कुटुंबाने जरी बोध घेतला, तरी येथे उभे राहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.