बाटणे आणि घेणे
(चिनहट, लखनौ येथे मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



चिनहट मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून मडक्यापासूनच सुरुवात करतो. आपल्या गावाकडे पितळेचा तांब्या 'बाटला' तर घासून चालायचा. मडकं बाटलं की फोडायचे. मार्च १९२७मध्ये बाबासाहेब आणि हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. सनातन्यांच्या लेखी तळं बाटलं. शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून त्यांनी ते 'शुद्ध' केलं.

धर्म बदलणाराही त्यांच्या भाषेत 'बाटायचा'. मडकं बाटतं, तळं बाटतं, तसाच माणूस. त्याने काही ठरवलं, हे या क्रियापदात कुठेच येत नाही.

४ फेब्रुवारी १९५६ला 'जनता' पत्राचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. भदंत इथल्याच, उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरचे. मग बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. आपल्या पत्रांत आणि घराघरांत एक वाक्य रुजलं: 'आम्ही दीक्षा घेतली.' भाजी घेतो, वही घेतो, तेच साधं 'घेणे'. पण घेणारा कोण, हे त्यात स्पष्ट आहे.

पत्रांची नावंही पाहा. १९२७चं 'बहिष्कृत भारत', म्हणजे दुसऱ्यांनी बाहेर टाकलेला. १९५६चं 'प्रबुद्ध', म्हणजे जागा झालेला.

आपण घरातले पहिले पदवीधर. कुणी म्हणेल, 'तुम्हाला सीट दिली.' तेव्हा विचारा, रात्री जागून अभ्यास कुणी केला? आपण पदवी घेतली. बोलताना, लिहिताना हेच क्रियापद वापरा.

जय भीम.