कुटुंब आणि पवित्र शास्त्र
(धर्मग्रामाच्या जुबिली महोत्सवातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



जुबिलीच्या मंगल प्रसंगी मंदिराचा इतिहास सांगावा, पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आणली, याचे स्मरण करावे, अशी रीत आहे. ते काम माझ्याहून योग्य अशा वक्त्यांनी केलेच आहे. मला आज्ञा झाली आहे ती आपल्या घरांतील लहानशा आल्ताराविषयी व त्यावर ठेवलेल्या ग्रंथाविषयी दोन शब्द बोलण्याची. हा विषय मंदिराहून निराळा आहे असे कोणास वाटेल. परंतु तो तसा नाही, हेच प्रथम दाखवू इच्छितो.

आपल्या अंधेरीतच, आज ज्या वसाहतीस सीप्झ म्हणतात तिच्या आवारात, एका जुन्या मंदिराचे भग्नावशेष उभे आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे हे मंदिर येशूसंघीयांनी १५७९ साली बांधिले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव ओस पडले, लोक मरोळास गेले, आणि ते विशाल मंदिर पाऊसवाऱ्याच्या स्वाधीन झाले. भिंती तेथेच राहिल्या. श्रद्धा मात्र माणसांबरोबर निघाली. ती कोणत्या गाडीतून गेली? आयांच्या ओठांवरील प्रार्थनांतून, आजीच्या जपमाळेतून, घराघरांतील दिव्याच्या उजेडातून. मंदिर ओस पडले तरी धर्म टिकतो, जर तो घरात राहत असेल. आणि घरातून तो नाहीसा झाला, तर भरलेले मंदिरही फार काळ भरलेले राहत नाही.

योगायोग असा, की ज्या १५७९ साली हे मंदिर बांधिले गेले, त्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडदेशीय येशूसंघीय गोव्यास उतरले. त्यांचे कार्यक्षेत्र साष्टी. आपलीही साष्टीच, परंतु ती गोव्याची आणि ही मुंबईची. नवख्रिस्ती लोकांस प्रश्नोत्तरी पाठ येत होती. परंतु रिकाम्या वेळी घरी बसून वाचावे, ऐकावे, असे पुराण त्यांजजवळ नव्हते. ही उणीव ओळखून फादरांनी शास्त्रातील कथा मराठीत, ओवीबद्ध रचिली. जुन्या कराराचे पहिले पुराण व नव्या कराराचे दुसरे, मिळून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. परदेशातून आलेल्या या पुरुषाने आपली भाषा शिकून, आपल्याच छंदात, आपल्या कुटुंबांच्या हाती शास्त्र दिले, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाने अभिमानाने स्मरावी.

परंतु अभिमानाहून मोठा बोध पुढे आहे. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्ती निघाल्या, १६४९ साली आणि १६५४ साली. त्यानंतर अडीचशे वर्षे तो छापला गेला नाही. १६८४ साली तर देशी भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असे फर्मान पोर्तुगीज सत्तेने गोव्यात काढिले. त्या तिन्ही छापील आवृत्तींपैकी एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. मग पुराण आपणांपर्यंत आले कसे? लोकांनी ते हाताने लिहून काढिले, वाचीत राहिले, आणि गोवा सोडून कानडा प्रांतात गेले तेव्हा बरोबर नेले. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापिले. बंधुभगिनींनो, छापखान्याने जे हरविले ते वाचणाऱ्यांनी राखिले. जो ग्रंथ मोठ्याने वाचला जातो तो जगतो. जो केवळ कपाटात राहतो त्यास वाळवी लागते.

आता कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनी जपमाळ म्हटली, मे महिन्यात खुरसापाशी लदीन गाइली, आणि त्यावरच त्यांचा उद्धार झाला. घरी शास्त्र वाचणे ही आपली चाल नव्हे. या म्हणण्यात वडिलांविषयी आदर आहे, म्हणून मी त्याची थट्टा करणार नाही. तथापि पौल तीमथ्यास लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचे मूळ कोठे शोधितो? आजी लोईस व आई युनीके यांच्यामध्ये. आणि बालपणापासून तुला पवित्र लेख ठाऊक आहेत, याची तो त्यास आठवण देतो. इस्राएलास मोशेने दिलेली आज्ञाही तीच: घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता ही वचने मुलांस सांगा. व्हॅटिकन येथील दुसऱ्या परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी आपल्या लेखात सर्व श्रद्धावंतांस शास्त्राचे द्वार मोकळे असावे असे स्पष्ट सांगितले, आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी वर्षातील एक रविवार देवाच्या वचनास वाहिला. शिवाय जपमाळेचे रहस्य म्हणजे तरी काय? शुभवर्तमानातील प्रसंगच बहुधा तेथे मण्यांत ओवलेले आहेत. मणी बोटांत असावेत आणि प्रसंग मनात असावा, एवढ्यासाठीच वाचन पाहिजे. ही दोन भावंडे आहेत, सवती नव्हेत.

येथे मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगू द्या. ती माझ्या मोठेपणाची नाही.

काही वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने घरी वाचन सुरू केले. मी वाचावे, मीच अर्थ सांगावा, आणि शेवटी मुलांच्या वागणुकीवर ताशेरे ओढावे, असा क्रम होता. महिन्याभरात थोरल्या मुलास त्याच वेळी अभ्यास आठवू लागला, आणि पत्नीस स्वयंपाकघरात काम. मी त्यांस दोष दिला. पुढे एके रात्री धाकट्या मुलीने हट्टाने पुस्तक आपल्या हाती घेतले आणि संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचिला. वाचून झाल्यावर तिने विचारिले, "बाबा, थोरला भाऊ मग घरात गेला की नाही?" मी पुन्हा पुस्तक पाहिले. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करितो, येथेच गोष्ट थांबते. तो आत गेला की नाही हे लिहिलेले नाही. मी तसे सांगितले. त्यावर माझी आई कोपऱ्यातून म्हणाली, "ते आपल्या घरात लिहायचे बाकी आहे."

गावठाणातील वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझे व माझ्या धाकट्या भावाचे बोलणे सहा वर्षे बंद होते. दोघेही एकाच मंदिरात मिस्साला जात होतो, निरनिराळ्या दारांनी. मी त्या रात्री काही बोललो नाही. लगेच मन वितळले असेही म्हणणार नाही. दोन आठवडे मी पुस्तकच उघडिले नाही. नंतर एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्याच्या दाराने बाहेर पडलो. वाटणीचा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही. परंतु येत्या सणाला दोन्ही घरची मुले एका पंक्तीत बसतील. माझ्या पंधरा प्रवचनांनी जे केले नाही ते एका मुलीच्या प्रश्नाने केले. तेव्हा मला कळले की शास्त्र हे बापाने मुलांवर उगारण्याची छडी नव्हे. बापासहित सर्वांनी ज्यात तोंड पाहावे तो आरसा आहे.

या अनुभवावरून व्यवहाराच्या चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली: वेळ थोडा, पण ठरलेला असावा. आपल्या उपनगरांत कोणी रात्री नऊच्या लोकलने येतो, कोणास पाळी असते. रोज जमणे कठीण. शनिवारी रात्री पंधरा मिनिटे पुरेत. दुसऱ्या दिवशीच्या मिस्साचे शुभवर्तमान तेव्हा वाचावे. मत्तय, मार्क व लूक यांचे क्रमाने एकेक वर्ष येते, म्हणजे तीन वर्षांत बराच भाग आपोआप होतो. नव्याने आरंभ करणाऱ्यांनी संत मार्कपासून करावा. त्यात सोळाच अध्याय आहेत, आठवड्यास एक घेतला तर चार महिन्यांच्या आत पुरे.

दुसरी: वाचणारा दर वेळी निराळा असावा. मुले इंग्रजी शाळेत जातात, मराठी अडखळत वाचतात, ही तक्रार खरी आहे. तर आजीने मराठीत वाचावे, नातवाने तोच भाग इंग्रजीत वाचावा. दोघेही काही शिकतील. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मधील मराठी सोपी व गोड आहे. त्यांच्या नव्या कराराच्या अनुवादास २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते २०२४ साली प्रभूकडे गेले, ग्रंथ आपल्या हाती ठेवून.

तिसरी: अर्थ सांगण्याची घाई करू नये. दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेने प्रचारात आणलेली सात पायऱ्यांची रीत आपल्या लहान ख्रिस्ती समूहांतून अनेकांस परिचित आहे: प्रभूला बोलवावे, उतारा वाचावा, मनाला लागलेला शब्द पुन्हा उच्चारावा, क्षणभर स्तब्ध बसावे, जे उमगले ते सांगावे, करण्याजोगे एक काम ठरवावे, आणि प्रार्थनेने शेवट करावा. या रीतीत लहान मुलाचा शब्दही मोठ्याइतकाच ऐकला जातो. कठीण जागा आली तर कल्पनेने अर्थ लावू नये, धर्मगुरूंस विचारावे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: वाचनाच्या वेळी कोणास टोमणा मारू नये. ज्यास वचन लागावयाचे त्यास ते लागते.

शेवटी, ज्या शब्दाने आपण हा उत्सव करितो त्याकडे वळतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जुबिलीचा नियम आहे. पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, रणशिंग वाजवावे, आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत यावे. पाहा, देवाने सांगितलेल्या जुबिलीत रोषणाईचा उल्लेख नाही. परत येण्याचा आहे. आज मंदिर दिव्यांनी उजळले आहे, ते योग्यच. परंतु उत्सव आटोपून आपण घरी जाल तेव्हा आल्तारावरील ग्रंथाची धूळ पुसून त्यातील एक पान आपल्या माणसांसह मोठ्याने वाचा. आणि ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांस त्या वाचनाला बोलवा.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाने आपल्या घरांवर कृपाछत्र धरावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.