ज्वारीच्या पानातली रांग



आपला कर्जत तालुका अवर्षणाचा. वैरणीची ओढ कायमचीच. परवा आम्ही शिवारात गेलो होतो. शाळू पोटरीत आला आहे. एक मावशी उभ्या ताटांची हिरवी पाने ओरबाडून पेंढी बांधत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, दावणीला काडी नाही. पानं गेली तर काय झालं? कणीस तर राहतंय!"

आम्ही म्हणालो, "मावशी, कणीस राहील, पण दाणा कोण भरणार?"

पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. त्याचे बारीक कण पानात मोकळे नसतात. प्रथिनांच्या चौकटीत ते जवळजवळ बसवलेले असतात. (प्रथिने म्हणजे डाळीत, दुधात असतात तीच.) ऊन एका कणावर पडले की त्याला जोर येतो. तो जोर तो शेजारच्याला देऊन टाकतो.

१९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेले वडीलधारे इथं बसले असतील. रांगेत मातीचं घमेलं हातोहात जायचं. माणूस जागचा हलत नसे, घमेलं मात्र पुढं सरके. पानात तसेच आहे बघा. दोन-तीनशे कण ऊन गोळा करतात आणि त्याचा जोर एका केंद्राकडे पोचवतात. हे सारे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत होते! उशीर झाला तर जोर उष्णता होऊन वाया जातो.

केंद्रात त्या जोरावर पाणी फुटते. त्यातला प्राणवायू हवेत जातो, तोच आपण श्वासाने घेतो. मग त्याच जोराच्या बळावर हवेतल्या कार्बन वायूची साखर बनते. ती ताटातून कणसात उतरते. मुळे पाणी देतात, क्षार देतात. साखर मात्र पानातूनच यायची.

हरितद्रव्याला आणि प्रथिनांना नत्र लागते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. ती झाडानेच रिकामी केलेली असतात. ती जनावराला खुशाल घाला. कणसाजवळची वरची हिरवी पाने मात्र दाणा भरेपर्यंत राहू द्या.

मावशींना हे पुरते पटले नाही. गाय उपाशी असताना पटावे तरी कसे? शेवटी दोन ओळींना चिंध्या बांधल्या. एकीची पाने काढली, दुसरीची ठेवली. खळ्यावर दोन्हींचे दाणे वेगवेगळे मापायचे ठरले आहे.