सहकुटुंब देवाच्या वचनापाशीं

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षांत उन्हाळी बायबल संमेलनाच्या समारोपप्रसंगीं केलेलें भाषण)



आज आपल्या उन्हाळी बायबल संमेलनाचा तिसरा व शेवटचा दिवस. मे महिन्याचा उकाडा, लग्नसराईची धांदल, वाडीच्या पाण्याची चिंता आणि पहांटेच्या गाडीनें फुलें व भाजी मुंबईस पोंचविण्याची घाई, हें सर्व सांभाळून आपण तीन दिवस या मांडवांत सहकुटुंब आलां, याबद्दल आम्ही आपलें मनःपूर्वक अभिनंदन करितों. महोत्सवानिमित्त मंदिराला रंग दिला, घंटेची दुरुस्ती झाली. परंतु आम्हांस विचाराल तर या चटयांवर आईबापांच्या मांडीला मांडी लावून बसलेलीं मुलें हाच महोत्सवाचा खरा अलंकार होय.

सहकुटुंब देवाच्या भेटीस जाण्याची ही रीत आम्हीं नव्यानें काढलेली नाहीं. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत सांगतो कीं, येशूचे आईबाप दरवर्षीं वल्हांडणाच्या सणास येरुशलेमला जात असत. नाझरेथपासून ती वाट १०० किलोमीटरांहून अधिक. पायीं चालणाऱ्यांस कित्येक दिवसांची. नियमशास्त्रानें यात्रेचा नेम पुरुषांवर घातला होता. तरी पवित्र मरिया जात असे, आणि बारा वर्षांचा येशूही त्यांच्यासमवेत गेला.

परततांना काय घडलें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुत्र सोबतच्या मेळ्यांत असेल असें समजून मातापित्यांनीं एक दिवसाची वाट चालून टाकली. हें वाचतांना आम्ही नेहमीं थबकतों. त्यांच्या प्रेमांत उणें नव्हतें. त्यांचा तसा समज झाला, इतकेंच. आज असाच समज आपल्या घरोघरीं आहे. मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गास जातो, त्या अर्थीं तो योग्य ठिकाणीं असेलच. मुलगी गायकवृंदांत आहे, त्या अर्थीं तिची श्रद्धा शाबूत असेलच. असें समजून आपण एक दिवसाची नव्हे, दहा-दहा वर्षांची वाट चालून जातों. मग मागें वळून पाहतों तों लेंकरूं सोबत नसतें.

या समजाला आम्हीं स्वतःही हातभार लावला, हें आज कबूल केलें पाहिजे. पूर्वीं या संमेलनांत आम्ही मुलांस शाळेच्या खोल्यांत, स्त्रियांस मंदिरांत व पुरुषांस मांडवांत बसवीत असूं. व्यवस्था सुरेख दिसे. एका वर्षीं समारोपाच्या वेळीं आम्हीं एका लहानग्यास विचारलें, "बाळ, काल तुझ्या बाबांनीं काय ऐकलं?" तो म्हणाला, "फादर, मला काय ठाऊक? बाबा वेगळ्या वर्गांत आहेत." आम्ही निरुत्तर झालों. सेमिनरींत आम्हीं अनेक वर्षें शास्त्राचा अभ्यास केला. परंतु एका छपराखालीं राहणाऱ्या माणसांस देवाच्या घरीं आणून वेगवेगळें करूं नये, हें आम्हांस त्या बालकानें शिकविलें. तेव्हांपासून सायंकाळचा एक तास प्रत्येक कुटुंब एका चटईवर, एकच अध्याय घेऊन बसतें.

तरी आणखी एक चूक राहिलीच. गेल्या वर्षीं एक गृहस्थ रोज सायंकाळीं पत्नीला व मुलीला फाटकापाशीं सोडून स्वतः बाहेरच उभे राहत. हा मनुष्य उदासीन असावा, असें आम्हीं मनांत ठरवून टाकलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही बाहेर जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिलों. पुष्कळ वेळ ते विहिरीच्या पाण्याविषयीं बोलत राहिले. अखेर खालीं पाहून म्हणाले, "फादर, आंत घरच्या कर्त्यानं वाचायचं असतं ना? मी चौथींतून शाळा सोडली. पोरीदेखत अडखळलों तर?"

तो नियम आमचाच होता. घरच्या कर्त्यास मान मिळावा म्हणून आम्हीं तो केला, आणि त्याच नियमानें एका कर्त्यास दाराबाहेर ठेवलें.

त्या रात्रीं आम्हीं नेहेम्याचें पुस्तक पुन्हा उघडलें. आठव्या अध्यायांत एज्रा पहांटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पुरुष, स्त्रिया व ज्यांस ज्यांस समज आहे तीं सर्व माणसें कान देऊन ऐकतात. वाचणारे थोडे, ऐकणारे सर्व. तिसऱ्या दिवशीं आम्हीं नियम बदलला: ज्यास वाचतां येतें त्यानें वाचावें, इतरांनीं ऐकावें, आणि बोलावें मात्र सर्वांनीं.

ते गृहस्थ आंत आले. पांचवींतल्या मुलीनें पेरणाऱ्याचा दाखला वाचला आणि विचारलें कीं, खडकाळ जमिनीवरलें बीं इतक्या लवकर कां उगवलें? उत्तर बापानें दिलें, आणि तें घरच्या कादोडी बोलींत दिलें. खालीं खडक असला म्हणजे वरची पातळ माती लवकर तापते, म्हणून अंकुर लवकर वर येतो. परंतु मुळांस खालीं जायला वाट नसते, आणि ओल संपतांच रोप मान टाकतें. जें लवकर वर आलें त्याला पाहून हुरळूं नये, असें ते लेकीस समजावीत होते. पंचवीस वर्षें आम्हीं त्या दाखल्यावर प्रवचनें केलीं. इतकें सरळ निरूपण आम्हांस साधलें नव्हतें. ती मुलगी त्या वेळीं बापाकडे ज्या नजरेनें पाहत होती, ती नजर आम्ही विसरणार नाहीं.

आपल्या भाषेंत देवाची कथा ऐकण्याचा हा वारसा जुना आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' राशोल येथें छापून निघालें. सुमारें ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ. ओवी ही गाऊन ऐकविण्याची. त्यामुळें ज्यास अक्षरओळख नाहीं, तोही तिचा वाटेकरी होतो. पुढें १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पवित्र शास्त्राचें द्वार सर्व श्रद्धावंतांस मोकळें असावें असें सांगितलें. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं सामान्य काळांतील तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून नेमून दिला. आणि आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' आपल्या हातीं ठेवलें. त्यास २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. ग्रंथ आहे, भाषा आहे. उणीव असेल तर ती घरांत एकत्र बसण्याची.

शेवटीं लूकच्या कथेकडे पुन्हा वळूं. तिसऱ्या दिवशीं येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें सांपडला. परंतु तो तेथें राहिला नाहीं. आईबापांबरोबर नाझरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. सणाचे दिवस मोजके होते. घरचीं तीं वर्षें मात्र सुमारें अठरा होतीं. उद्यां हा मांडव उतरेल. तीन दिवसांत जें पेरलें गेलें, त्याला ओल मिळायची ती आपल्या ओटीवरच.

यास्तव आमची आपणांस एवढीच विनंती आहे. रात्रीं पवित्र माळेच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटें बायबल उघडा. एकानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें, आणि आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकानें आपल्या बोलींत दोन शब्द बोलावे. ज्यांच्या घरीं कामाच्या पाळ्यांमुळें रोज जमणार नाहीं, त्यांनीं रविवार तरी सोडूं नये. आणि पुढील वर्षीं येतांना आपल्या आळींतील जो कोणी फाटकाबाहेर उभा असेल, त्यास बोल न लावतां आधीं त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. तो बाहेर कां आहे तें ऐकून घ्या. कदाचित् दोष त्याचा नसून आपल्या नियमाचा असेल.

नाझरेथच्या घराला ज्यानें आपलें घर मानलें, तो प्रभु येशू आपल्या प्रत्येक घरीं वस्ती करो, आणि पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या मध्यस्थीनें आपलीं कुटुंबें एकत्र राखो. आमेन.