ग्रंथालयांतील जागा कोणाची ?



ठाणें जिल्ह्याला ग्रंथप्रेमाची परंपरा जुनी आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें तें १८९३ सालीं. महाविद्यालयें मात्र ह्या भागांत पुष्कळ उशिरां आलीं. ठाण्याचें बांदोडकर महाविद्यालय १९६९ मधलें, कल्याणचें बिर्ला महाविद्यालय १९७२ मधलें. म्हणजे त्या पिढीच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनीं आतां पन्नाशी ओलांडली आहे. पन्नास वर्षांत पुस्तकें वाढत राहतात. भिंती जेथल्या तेथेंच असतात. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हें डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालींच आपल्या पांच नियमांतील शेवटच्या नियमांत सांगून ठेवलें आहे.

वाढत्या पुस्तकांना द्यावयाची जागा बहुधा वाचकाकडून घेतली जाते. एका वर्षीं एक कपाट वाचनकक्षाच्या भिंतीशीं येऊन उभें राहतें. पुढच्या वर्षीं दुसरें येतें, एक मेज हलतें, चार खुर्च्या जातात. दहापंधरा वर्षांनीं पाहावें तों वाचनकक्षाचें कोठार झालेलें असतें ! ही हानि लहान नव्हे. डोंबिवली-कल्याणच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जेथें पांच-सहा माणसें नांदतात, तेथें अभ्यासाला निवांत कोपरा कोठून मिळणार ? अशा घरच्या मुलामुलींना ग्रंथालयांतील एक खुर्ची ही एखाद्या पुस्तकाइतकीच मोलाची असते. ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचा विचार करतांना म्हणून प्रथम खुर्च्या मोजाव्या, कपाटें मागाहून.

जागा वांचविण्याची युक्ति साध्या हिशेबानें समजते. दोन्ही बाजूंनीं पुस्तकें लावण्याची लोखंडी मांडणी सुमारें ५० सेंटिमीटर रुंद असते, आणि तिच्यापुढें माणसाला वांकून पुस्तक काढतां यावें म्हणून ९० सेंटिमीटरांची वाट सोडावी लागते. म्हणजे जमिनीचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग वाटांतच जातो. अशा दहा मांडण्यांना १४ मीटर लांबी लागते. त्याच मांडण्या रुळांवर चढवून एकमेकींना भिडविल्या आणि सर्वांत मिळून एकच वाट ठेवली, तर सुमारें ६ मीटर पुरतात. हातचाक फिरविलें कीं मांडण्या सरकतात आणि हवी तेथें वाट उघडते. कचेऱ्यांतून व बँकांतून हिला ‘कॉम्पॅक्टर’ म्हणतात.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. इंग्लंडचे मुत्सद्दी ग्लॅडस्टन यांनीं १८९० सालीं ग्रंथांच्या निवाऱ्यावर एक निबंध लिहिला व त्यांत सरकत्या कपाटांचा पुरस्कार केला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानें जमिनीखालीं एक कोठार बांधून १९१२ सालीं पुरें केलें, त्यांत ही योजना उतरली. पुढें तीं पुस्तकें अन्यत्र हलवून २०११ सालीं तें तळघर वाचकांना बसण्यासाठीं खुलें झालें, आणि त्याला ग्लॅडस्टन यांचें नांव देण्यांत आलें. पुस्तकांसाठीं खोदलेली जागा अशी शेवटीं वाचकाकडे आली.

मात्र ही मांडणी विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली जमीन. पुस्तकें थोड्या जागेंत आलीं म्हणून हलकीं होत नाहींत. एका पुस्तकाचें वजन सरासरी अर्धा किलो धरलें, तरी ३०,००० पुस्तकें म्हणजे १५ टन, आणि लोखंडाचें वजन तें वेगळेंच. भारतीय मानकाप्रमाणें वर्गखोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारें ३०० किलो भार धरून आंखतात. ग्रंथकोठारासाठीं मात्र निदान ६०० किलो धरावे लागतात. दुसऱ्या मजल्यावरील एखादा वर्ग रिकामा करून तेथें कॉम्पॅक्टर बसविणें हें त्यामुळें केवळ धाडस होय. अभियंत्याचा दाखला आधीं, मागणीपत्र नंतर, हाच क्रम योग्य.

दुसरी गोष्ट पाणी आणि हवा. वजनासाठीं तळमजला बरा, पण २६ जुलै २००५ रोजीं कल्याण-बदलापूर भागांत उल्हास नदीचें पाणी घराघरांत शिरलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. सखल जागीं कोठाराचा ओटा उंच हवा, आणि पावसाळ्यांत तळचा कप्पा रिकामा ठेवलेला बरा. शिवाय खाडीकांठची हवा दमट. घट्ट मिटलेल्या मांडण्यांत वारा खेळत नाहीं, आणि दमट हवा कोंडून राहिली कीं पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. ह्यास्तव कोठार बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर ठेवावें, आणि मांडण्यांच्या दरम्यान चार बोटें फट राहील अशी सोय करून घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : वाचकाचा हात. सरकत्या मांडणींत एका वेळीं एकच वाट उघडते. एक विद्यार्थी आंत असला कीं बाकीच्यांनीं थांबावें. परीक्षेच्या दिवसांत शंभर मुलें एकाच विषयाचीं पुस्तकें मागत असतां हें कसें चालावें ? म्हणून पाठ्यपुस्तकें, संदर्भग्रंथ व नित्य वाचलें जाणारें साहित्य मुक्तद्वार मांडणींतच ठेवावें. नियतकालिकांचे जुने बांधीव खंड, मागील आवृत्त्या, जादा प्रती हीं कॉम्पॅक्टरमध्यें जावींत. निवड करणें अवघड नाहीं. पुस्तकाला चिकटविलेल्या चिठ्ठीवरील तारखा किंवा संगणकांतील देवघेवीची नोंद सारें सांगते. जें पुस्तक पांच वर्षांत कोणीं नेलें नाहीं, तें आंत गेलें तर कोणाचें अडणार नाहीं. परंतु तें आंत ठेवणें निराळें आणि बाद करणें निराळें. न मागितलेलें प्रत्येक पुस्तक निरुपयोगी नसतें. एखाद्या जुन्या मराठी ग्रंथाची जिल्ह्यांतील शेवटची प्रत तीच असूं शकेल. त्या विषयाच्या अध्यापकाला विचारल्यावांचून रद्दीचा तराजू आंत आणूं नये.

इतकें सारें नीट झालें, तरी एक धोका उरतोच. मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाहीं. आज तेथें कार्यालयाच्या फायली येतील, उद्यां मोडके संगणक येतील, आणि विद्यार्थी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून टिपणें काढीत राहतील. ह्यावर उपाय एकच. नूतनीकरणाच्या मंजुरीचा ठराव लिहितांना त्यांत खर्चाच्या रकमेबरोबर आणखी एक आंकडा घालावा : वाचनकक्षांत नव्या खुर्च्या किती वाढतील. काम पुरें झाल्यावर ठेकेदाराचें देयक चुकतें करण्यापूर्वीं त्या खुर्च्या मोजून घ्याव्या, आणि पुढें दरवर्षीं साठा-तपासणींत पुस्तकांबरोबर त्याही मोजाव्या.